साध्या हवेची पेटी

६ फेब्रुवारी

लॅबच्या वहीत तापमान, वेळ आणि आकडे लिहायचे असतात. ओकारी आली, हे लिहायचं नसतं. म्हणून ही वेगळी वही.

आज कत्तलखान्यातून डुकरांच्या सात श्वासनलिका आणल्या. बर्फाच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही. वाटेत गाडी खड्ड्यात आपटली आणि डब्यातलं गुलाबी पाणी माझ्या पँटवर आलं. सतरा वर्षं मी हे काम करतोय. लोक म्हणतात, सवय होते. कुणाला होते ते एकदा मला दाखवा. नलिका उभी चिरायची, आतला बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, मग मागच्या बाजूला बोटभर रुंदीची एक फिकट पट्टी दिसते. तो स्नायू. आम्हाला हवा असतो तो तेवढाच. तो बारीक चिरून त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि बशीत वाढवायच्या. बाकी सगळा लगदा पिवळ्या पिशवीत. दोन-दोन हातमोजे घातले तरी तो बुळबुळीतपणा बोटांना घरी येईपर्यंत जाणवत राहतो.

आमचे सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, मध्येच डोकावले. पिपेटच्या नव्या कोऱ्या टोकाने दात कोरत उभे राहिले, "छान, छान" म्हणाले आणि ते टोक माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी ते चिमट्याने उचललं.

घरी आलो तर ताई खिडकीशी बसलेली, पुढ्यात तिचं भांडं. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तेव्हापासून हिनेच मला वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली, बोलून बोलून निवृत्त झाली. आता दम्यामुळे तिचं वाक्य चार शब्दांवर तुटतं. दिवसभराचा कफ ती त्या भांड्यात थुंकते आणि ते धुवायचं काम माझं. मी मान फिरवून, नळ पूर्ण सोडून धुतो. तिच्या लक्षात येतंच.

"काय नाजूकराव," ती म्हणाली, "आज किती... गळे कापलेस?"

"सात."

"आणि तोंड असं... जसं काही तुझाच... कापलाय."

९ फेब्रुवारी

हे सगळं चाललंय ते मॅडमसाठी. मॅडम म्हणजे शेजारच्या हॉस्पिटलातल्या भूल देणाऱ्या डॉक्टर. अतिदक्षता विभागही त्यांच्याकडेच आहे. आज त्या स्वतः लॅबमध्ये आल्या, माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि सरांना सोडून मलाच समजावून सांगायला लागल्या. सर दात कोरायचे थांबले, एवढाच काय तो फायदा.

त्यांचं म्हणणं साधं आहे. दम्याच्या झटक्यात श्वासनळ्यांभोवतीचा स्नायू आवळतो. बहुतेक वेळा औषधांनी सुटतो. कधी कधी कशानेच सुटत नाही. माणसाला यंत्रावर टाकलं तरी यंत्रालाही आत हवा ढकलता येत नाही. ऑपरेशनच्या वेळी भुलीचा वायू दिला की हाच स्नायू सैल पडतो, हे त्यांनी टेबलावर पुष्कळदा पाहिलंय. पण वायू थेट स्नायूच्या पेशीवर काम करतो, की मज्जातंतूंना गुंगवून? बशीतल्या पेशींना मज्जातंतूच नसतात. तिथे पेशी सैल पडल्या तर काम वायूचं. हॉस्पिटलच्या समितीने त्यांना सांगितलंय, आधी लॅबचा आकडा आणा, मग अतिदक्षता विभागात वायू वापरायची परवानगी मागा.

"मला उत्तर हवंय, आवडतं उत्तर नकोय," मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण नीट मोजून म्हणा."

दोन वर्षांपूर्वी ताई यांच्याच विभागात नऊ दिवस यंत्रावर होती. सुटली तेव्हा छातीचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, पुन्हा ही वेळ येऊ देऊ नका, पुढच्या वेळी आमच्याकडे फारसं काही उरणार नाही. मॅडमना ती आठवत नसावी. मी आठवण करून दिली नाही. उगाच लोचटपणा नको.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताईची छातीची ओपीडी शनिवारी असते. आज पहिल्यांदाच म्हणाली, एकटी रिक्षाने घरी जाण्यापेक्षा तुझ्याकडे येऊन बसते, मग बरोबर जाऊ. एक मजला चढून आली आणि दारातच कठड्याला धरून उभी राहिली. पाऊण तास तिच्या छातीतून भाता चालावा तसा आवाज येत होता. दोनदा पंप ओढला. रखवालदार बघत होता. मला तिची दया यायला हवी होती. मला रखवालदाराची लाज वाटत होती.

१८ फेब्रुवारी

पेट्या लावून झाल्या. दोन काचेच्या पेट्या, शेजारी शेजारी. आत लहान लहान चकत्या, जेलीसारख्या. त्या जेलीत पेशी भरलेल्या. आवळणारं औषध टाकलं की पेशी जेलीला ओढतात आणि चकती आकसते. किती आकसली ते खालच्या मिलिमीटरच्या कागदावर मोजायचं. डावीकडच्या पेटीत भुलीचा वायू मिसळलेली हवा. उजवीकडे साधी हवा; फिशटँकला लावतात तसला एक पंप टेबलाखाली ठेवलाय, तो खोलीतली हवा ओढून आत सोडतो. वायूच्या पेटीतून बाहेर पडणारा वायू एका लांब नळीने खिडकीतून बाहेर, इमारतीच्या डक्टमध्ये.

आजचा निकाल चक्क स्वच्छ होता. बारा मिलिमीटरची चकती साध्या हवेत सातवर आली, वायूत दहावर थांबली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. या घाणीतून सतरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सुंदर निघताना पाहिलं. घरी जाऊन ताईला सांगितलं. तिला कळलं सगळं, पण म्हणाली काय, "म्हणजे मेलेली... डुकरं तुझ्यापेक्षा... पटकन सैल पडतात."

सर म्हणाले, आता हेच चार वेगवेगळ्या जनावरांच्या पेशींवर करा, म्हणजे आकडा पक्का. एका महिन्यात हवंय.

२४ फेब्रुवारी



सकाळी लॅबचं दार उघडलं तर असा वास आला की मी उंबऱ्यावरूनच मागे फिरलो. खिडकीच्या बाहेर, डक्टच्या कठड्यावर, एक कबुतर मरून पडलं होतं. कधीचं कोण जाणे. पोट फुटलेलं, आणि ते पोट हलत होतं. अळ्या. कठड्यावर वर्षानुवर्षांची विष्ठा, बोटभर जाडीचा थर, आणि आमची नळी बरोब्बर त्यात रुतून बसलेली. नळीच्या तोंडाशी दोन-चार अळ्या चढलेल्या.

मी कार्यालयात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, डक्ट देखभाल विभागाकडे आहे, लेखी अर्ज करा. छापील फॉर्म दिला. परत आलो तर सर रुमाल नाकाशी धरून उभे. "आधी ती खिडकी लावा हो! माझं जेवण व्हायचंय."

खिडकी लावायची तर नळी आत घ्यावी लागते. चिमट्याने ओढून घेतली, टोक कापून टाकलं, उरलेली नळी टेबलाखाली सोडली आणि खिडकी घट्ट लावून फटीत कागद कोंबला. तात्पुरतं. फॉर्म भरून दिला की ते लोक येतील आणि साफ करतील. मी त्या कठड्याला हात लावणार नाही. पगार कापला तरी नाही.

२६ फेब्रुवारी

फॉर्ममध्ये 'घाणीचे स्वरूप' असा एक रकाना आहे. लिहायला घेतलं आणि ते पोट डोळ्यांपुढे आलं. नंतर भरीन.

४ मार्च

दिवसभर डोकं भणभणतंय. दुपारी खुर्चीतच डोळा लागला. वास अजून माझ्या नाकातच बसलाय, वर काहीतरी गोडसर, पिकून उतरल्यासारखं. खिडकी बंद असूनही. मेलेलं कबुतर माणसाला असं छळतं.

नव्या डुकराच्या पेशी एकदम टाकाऊ निघाल्या. साध्या हवेतली चकती साडेनऊवर थांबली, वायूतली दहावर. दोन्ही पेट्यांत काडीचाही फरक नाही. सर म्हणाले, दर जनावर वेगळं, या पेशी आळशी असतील, पुढचं घ्या.

८ मार्च, शनिवार

पुढच्या जनावराचंही तेच. साडेनऊ आणि दहा. मला फसवल्यासारखं वाटतंय, पण कुणी फसवलं ते कळत नाही.

ताई ओपीडीनंतर आली. नेहमीप्रमाणे दारात धापा टाकल्या, मग टेबलाच्या टोकाशी बुटकं स्टूल आहे त्यावर बसली. मी आकडे लिहीत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की ती बोलतेय आणि बोलतच चाललीय. एक्स्चेंजमधल्या एका बाईची गोष्ट. तिने चुकून दोन भांडणाऱ्या भावांची लाइन एकमेकांना जोडून दिली आणि वीस वर्षांचा अबोला कसा सुटला, ते. सलग. मधे एकदाही थांबली नाही. हसलीसुद्धा, पोट धरून. मी सांगितलं, जरा हळू, शेजारी काम चालतं. मग ती स्टुलावरच भिंतीला टेकून डुलक्या घ्यायला लागली.

जाताना म्हणाली, "तुझ्या या खोलीत छाती अगदी मोकळी होते रे. रोज येऊन बसू का?"

"एसी आहे म्हणून. आणि हे काही गप्पांचं ठिकाण नाही."

दुखावली बहुतेक. खाली रिक्षापर्यंत जाताना पुन्हा चार शब्दांवर आली होती.

१५ मार्च, शनिवार

तिसरं जनावर. तेच. चौथं आणायला जायचं म्हणजे पुन्हा तो डबा आणि ते गुलाबी पाणी. सगळ्याची शिसारी आलीय. सरांच्या दातांची, माझ्या हातांची, घरातल्या त्या भांड्याची. काल ते धुताना मला उमासा आला आणि ताईने ऐकला. आज सकाळी भांडं आधीच धुऊन पालथं घातलेलं होतं. स्वतःच धुतलं तिने, धापा टाकत. 

आजही ती स्टुलावर बसली आणि तासभर सुरळीत बोलली. घरी माझ्याशी बोलायला हिला श्वास पुरत नाही आणि लॅबमध्ये पुरतो! मला तर वाटायला लागलंय, निम्मा दमा ही माझ्यावरच्या रागाने काढते.

२१ मार्च

अहवाल गेला. चार नवी जनावरं; सुरुवातीचं पहिलं अपवाद म्हणून बाजूला काढलं. निष्कर्ष: वायूच्या आणि साध्या हवेच्या पेटीत लक्षणीय फरक नाही, श्वासनळीच्या स्नायूपेशींवर वायूचा थेट परिणाम आढळत नाही. सर खूश. "परिणाम नाही हाही निकालच असतो," म्हणाले, आणि अहवालावर सही करताना दातातलं काहीतरी काढून कागदाच्या कडेला पुसलं.

मॅडमनी अहवाल उभ्या उभ्या वाचला. दोनदा वाचला.

"मोजमाप तुमचंच ना?"

"हो, मॅडम."

"मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. समितीची बैठक सोमवारी आहे. आता परवानगी मिळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. जाताना मला 'थँक यू' म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. मी काय केलं? आकडे होते तेच दिले.

२९ मार्च

ताई ओपीडीला गेली नाही. जिना उतरवत नाही म्हणाली. रात्रभर उशा रचून बसून होती. "तुझ्या लॅबात... तेवढं नेऊन... बसव मला," म्हणाली. मी म्हटलं, जिना उतरवत नाही आणि लॅबचा जिना चढवेल होय?

४ एप्रिल

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. कालचं सगळं लिहायचंय. काही गाळायचं नाही, एवढं ठरवून बसलोय.

काल सकाळी साडेसहाला ताईने माझ्या दारावर थाप मारली. दार उघडलं तर ओठ निळे, हातात पंप, बोलता येत नव्हतं. एकही शब्द नाही. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती माझ्या खांद्यावर लुळी पडली होती. आठ वाजता तिला यंत्रावर घेतलं. होती नव्हती ती सगळी औषधं दिली. यंत्राच्या पडद्यावर एक आकडा असतो, हवा आत ढकलायला किती दाब लागतोय त्याचा. तो सत्तावन्न होता. नर्सचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच जात होते.

अकरा वाजता मॅडम बाहेर आल्या. ताई माझी बहीण आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं. खुर्ची ओढून समोर बसल्या. कधीपासून जास्त आहे, रात्री किती वेळा उठते, घरात धूळ, धूर, मांजर, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "गेल्या महिन्याभरात त्यांना पूर्ण बरं असं कधी वाटलं होतं? कुठे?"

"शनिवारी. आमच्या लॅबमध्ये. तिथे बसली की तिला धापच लागायची नाही..."

वाक्य तोंडातून बाहेर पडता पडताच मला कळलं. टेबलाखालची नळी. तिच्या शेजारीच हवा ओढणारा तो पंप. त्याच्या शेजारी बुटकं स्टूल. वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवतो. साध्या हवेच्या पेटीत साधी हवा नव्हतीच. म्हणून तिथल्या पेशी साडेनऊवर थांबत होत्या. म्हणून माझं डोकं भणभणत होतं. म्हणून ताई हसत होती.

"तिथे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "एसी आहे."

मी खरंच असं म्हणालो. आत माझी बहीण सत्तावन्नवर होती.

"बऱ्या झाल्या की घरीही लावून घ्या," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी उठलो. कुठे गेलो? लॅबमध्ये. मनाशी म्हणत होतो, आधी खात्री करून घ्यावी. खात्री कसली करायची होती? मी दार लावून घेतलं, फटीतला कागद काढला, खिडकी उघडली. कबुतराचं काही उरलंच नव्हतं. थोडी पिसं, काड्यांसारखी हाडं. वाळून कोरडंठाक झालेलं, वाससुद्धा नाही. एका वर्तमानपत्रात मावलं. विष्ठेचा थर पत्र्याच्या तुकड्याने खरवडला, नळीला नवं टोक जोडलं आणि ती पहिल्यासारखी बाहेर सोडली. टेबलाखालची फरशी पुसली. पुसली! कुणी बघायला आलं तर सगळं जागच्या जागी दिसावं म्हणून. महिनाभर जे मला जमलं नाही, ते काल पाऊण तासात झालं, आणि एकदाही ओकारी आली नाही.

मग हात धुतले. पुन्हा धुतले. मग त्या स्टुलावर बसलो. मी किती वेळ बसलो ते इथे लिहिणं भाग आहे: साडेतीन तास. डोक्यात काय होतं? नोकरी. सतरा वर्षं. सर काय म्हणतील. मॅडम माझ्याकडे कशा बघतील. ताई मध्ये मध्ये येत होती, हेही खरंच, पण मध्ये मध्ये. नंतर नंतर असंही मनात आलं, की एव्हाना ती गेली असेल तर सांगायची गरजच पडणार नाही. हा विचार आला आणि मला माझ्या तोंडाला वास येतोय असं वाटलं. इतकी वर्षं मी जगातल्या प्रत्येक ओल्या, चिकट, सडक्या वस्तूला नाक मुरडत आलोय. त्या स्टुलावर जो बसला होता तसलं काही मी कुठल्याच डब्यातून आणलेलं नाही.

चार वाजता हॉस्पिटलात परत गेलो आणि मॅडमना सांगितलं. सगळं. नळी, पंप, कबुतर, एसी, आणि दुपारी पुसलेली फरशीसुद्धा.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "पहिल्या जनावराचा आकडा? खिडकी उघडी असतानाचा?"

"सात आणि दहा. तिन्ही वेळा."

"लिहून द्या. आत्ता. समितीच्या अध्यक्षांना मी फोन लावते, पण त्यांना कागद लागेल."

नर्सच्या टेबलावरून एक कोरा कागद घेतला. लिहिलं: 'सरांच्या सांगण्यावरून खिडकी बंद केली.' मग ते खोडलं. सरांनी खिडकी लावायला सांगितली होती, नळी टेबलाखाली मी सोडली. लिहिलं: टाकाऊ वायूची नळी मी खोलीत सोडली, त्यामुळे साध्या हवेच्या पेटीत वायू गेला, अहवालातला निष्कर्ष चुकीचा आहे, पेशींवर वायूचा थेट परिणाम होतो असं खिडकी उघडी असतानाचे आकडे सांगतात. सही केली. मॅडमनी कागद वाचून परत केला.

"नळी आत का घेतली, ते नाही लिहिलंत."

मी लिहिलं, 'मला किळस आली म्हणून.' चार शब्द. असलं कारण समितीने यापूर्वी कधी वाचलं नसेल.

पाच वाजून दहा मिनिटांनी परवानगी आली. साडेपाचला वायू सुरू झाला. मी दाराच्या काचेतून त्या एका आकड्याकडे बघत होतो. सत्तावन्न. छप्पन्न. बराच वेळ छप्पन्न. मग एकावन्न. सात वाजता तो अडतीस होता. मॅडम माझ्या बाजूने गेल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पीळ सुटतोय. तुम्ही बाहेरच थांबा."

९ एप्रिल

काल ताईच्या घशातली नळी काढली. घसा खरवडलाय, आवाज फुटत नाही. मी आत गेलो की डोळे मिटून घेते. दमली असेल.

आज सरांनी बोलावलं. अहवाल मागे घेतला जाणार. चारही जनावरांचं काम पुन्हा होणार, पण ते मी करायचं नाही; चौकशी होईपर्यंत मी घरी बसायचं. सर बराच वेळ टेबलावरच्या वस्तू सरळ करत होते.

"खिडकी लावा असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "तुम्ही खोडलंत ते. मी पाहिला कागद."

"हो, सर."

"निदान मला आधी येऊन सांगायचं होतं." त्यांनी सवयीने पिपेटचं टोक उचललं, बघितलं आणि खाली ठेवलं.  मी माझा डबा आणि चप्पल घेतली आणि निघालो.

१२ एप्रिल

मॅडमना व्हरांड्यात गाठलं. माफी मागायची होती. त्या म्हणाल्या, "मला नको. ताईंना सांगितलंत का?"

"तिला अजून बोलायला त्रास होतो."

"ऐकायला नाही होत," मॅडम म्हणाल्या.

१९ एप्रिल

ताई तीन दिवसांपूर्वी घरी आली. आवाज घोगरा, पण वाक्य सात-आठ शब्दांपर्यंत जातं. आज दुपारी भांडं धुऊन आणून ठेवलं तेव्हा म्हणाली, "नोकरीवर का जात नाहीस?"

तेवढ्यावर मी काहीतरी थातुरमातुर सांगू शकलो असतो. रजा आहे, असं तोंडावर आलंही होतं. मग तिच्या पायाशी बसलो आणि सांगितलं. कबुतरापासून. नळी कुठे होती, ती स्टुलावर बसून का हसू शकत होती, ते. पेशींचे आकडे सांगितले. मॅडमनी अकरा वाजता काय विचारलं आणि मी काय म्हणालो, ते सांगितलं. लॅबमध्ये जाऊन काय काय पुसलं, ते. स्टुलावर बसून मनात काय आलं, तेही. ती गेली असेल तर बरं, हे तिच्या तोंडावर सांगितलं. ते सांगताना मी तिच्या पायाच्या बोटांकडे बघत होतो.

 तिचा श्वास ऐकू येत होता. मी तो मोजत होतो.

"अकरा वाजता कळलं तुला," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आणि सांगितलंस चारला."

"हो."

"पाच तास." तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "तुझ्या मानाने लवकरच की रे, नाजूकराव."

नाव नेहमीचंच होतं आणि सूरही नेहमीचाच, म्हणून मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.